एकआसनी

न वाचता तुम्ही आजवर किती कागदांवर सही केली आहे?

रागावू नका. मागच्या महिन्यात ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी एक पत्रक फिरवलं. जवळजवळ प्रत्येक घराने त्यावर सही केली. त्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की माझी धाकटी बहीण योगासनांच्या स्पर्धेला चालली आहे. चूक त्यांची नव्हती. पत्रक मी लिहिलं होतं.

बहीण गाडी चालवते, शर्यतीची. कोलशेतला एका बंद कारखान्याच्या आवारात गो-कार्टचा ट्रॅक आहे. तिथे ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला म्हणून गेलेली, आणि मग जातच राहिली. आता ती दहावीत आहे. येत्या मोसमात मुलींची ज्युनियर सिंगल सीटर मालिका सुरू होतेय. म्हणजे एकाच माणसापुरती जागा, उघडी चाकं, वर छप्पर नाही, अशा गाड्यांची शर्यत. निवड चाचणीत ती पास झाली, एका संघाने तिला घेतलं, खर्चही तेच करणार. अट एकच होती. मोसमाआधी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर तीन दिवसांचा सराव आहे, त्याला हजर राहायचं. जी येणार नाही तिची गाडी राखीव यादीतल्या मुलीला मिळणार.

ते तीन दिवस नेमके पूर्वपरीक्षेत आले.

शाळा खेळाडूंचे बुडालेले पेपर पुन्हा घेते, पण शाळेच्या यादीत नाव असलेल्या खेळांसाठीच. कबड्डी आहे, खो-खो आहे, कॅरमसुद्धा आहे. मोटार शर्यत नाही. मुख्याध्यापिका बाई वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "मी एकटी नाही ठरवू शकत. इथल्या पालकांचं म्हणणं लेखी आणा, सोमवारी समितीपुढे ठेवते."

आमच्या बिल्डिंगमधली निम्मी मुलं त्याच शाळेत जातात. आणि लेखी म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. पप्पा कोलशेतच्याच एका कंपनीत युनियनचे चिटणीस होते. मी वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. घरात फळीवर पत्रकं अंथरलेली, डब्याखाली पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. पप्पांचा एक नियम होता: पत्रकात इंग्रजी शब्द घालायचा नाही. इंग्रजी दिसलं की कामगाराला वाटतं, हे साहेबाचं आहे, आपलं नाही.

म्हणून मी वर ठळक अक्षरात लिहिलं, 'एकआसनी स्पर्धेसाठी आपल्या मुलीला साथ द्या!'

बहिणीने वाचलं. "ताई, एकआसनी काय? मी काय पद्मासनात बसून गाडी चालवणारे?"

"सिंगल सीटरला मराठीत तेच म्हणणार ना."

"कोण म्हणणार?"

"आपण म्हटलं की लोक म्हणतील."

तिने खांदे उडवले. 'चारचाकी' हा शब्द तिसऱ्या परिच्छेदात होता. तिथपर्यंत कोणी पोचलंच नाही.

हे कळलं शनिवारी, जिन्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकी कच्छी जैन आहेत. त्यांनी बहिणीला थांबवलं आणि तिच्या गालाला हात लावला. "बेटा, एकासना करते तू? किती दिवसाचा?"

बहीण माझ्याकडे बघायला लागली.

"आमच्यात करतात ना," काकी म्हणाल्या. "दिवसातून एकदाच जेवायचं, एका जागी बसून. मला तर बरं वाटलं, मराठी मुलगी पण करते. म्हणून लगेच सही केली. पण परीक्षेत नको हां, चक्कर येईल."

वरून चौथ्या मजल्यावरचे काका उतरत होते, ते म्हणाले, "उपास नाही हो, योगा! आसनांची स्पर्धा आहे. उत्तम आहे. माझी मान धरते, तिच्यासाठी काही असेल तर सांग गं."

बहीण पायरीवर बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. घरात आल्यावर मात्र तिने सह्यांचा कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला. "हसून झालं. आता सोमवारी देऊन टाक."

"कसा देऊ? त्यांनी योगासनाला सही केलीय."

"सही सही असते. खाली गाडी लिहिलीय ना? मग खोटं काय आहे?"

"लिहिलंय, पण त्यांना माहीत नाही. कंपनी असंच करायची, बारीक अक्षरात."

"मी कंपनी नाही." तिचा आवाज चढला. "तत्त्वं तुझी आणि सीट माझी जाणार. भारी आहे तुझं! तुझ्या तत्त्वांसाठी तुझं काहीतरी दे ना."

ती बरोबर होती, आणि तरी मी तो कागद देणार नव्हते. मी पप्पांकडे बघितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "पत्रक चुकलं की खुलासा काढायचा. त्यात भांडायचं काय? आणि खुलासा ज्याचा प्रश्न आहे त्याने लिहायचा. तू नको लिहू, तू बिघडवशील."

खुलासा बहिणीने लिहिला. तीन ओळींचा. 'मी रेसिंग कार चालवते. सराव आणि प्रिलिम एकाच वेळी आहेत. मला बुडालेले पेपर नंतर द्यायचे आहेत, सूट नको.' रविवारी सकाळी आम्ही पुन्हा प्रत्येक दार वाजवलं. ती हेल्मेट काखेत घेऊन आलेली, म्हणजे कुणाला पुन्हा गैरसमज नको.

चौथ्या मजल्यावरच्या काकांनी पेन मागितलं आणि आपली सही खोडली. "गाडी? दहावीला? उद्या हातपाय मोडले तर म्हणाल, काकांनी पाठिंबा दिलेला." अजूनही काहींनी खोडल्या. एका घरात दारच उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता. प्रत्येक खोडलेल्या सहीबरोबर बहीण माझ्याकडे बघायची आणि पुढचं दार वाजवायची. ते बघणं जास्त लागत होतं.

दुसऱ्या मजल्यावर काकींनी हेल्मेट हातात घेतलं. "केवढं जड! हे घालून मान दुखत नाही?" मग म्हणाल्या, "मला मराठी नीट वाचता येत नाही. तू वाच." बहिणीने तिन्ही ओळी वाचल्या. काकींनी विचारलं, पट्टा असतो का, आग लागली तर काय, मुलगे असतात का बरोबर. सगळी उत्तरं मिळाल्यावर त्यांनी जुन्या सहीखाली पुन्हा सही केली, गुजरातीत. "पहिली उपासाची. ही गाडीची."

सोमवारी दोन्ही कागद गेले, पत्रक आणि खुलासा, खोडलेल्या सह्यांसकट. बुधवारी शाळेचं पत्र आलं. सदर विद्यार्थिनीचे पेपर अपवाद म्हणून नंतर घेण्यात येतील.

बहीण घरभर नाचली आणि मग भूमितीचं पुस्तक घेऊन बसली. मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं.

"आता काय?" तिने न बघताच विचारलं.

"अपवाद म्हणून, असं लिहिलंय."

"ताई, मला पेपर मिळाला. आता एका शब्दाशी पण भांडणार तू?"

भांडणार. अपवाद म्हणजे यादी होती तशीच राहिली. त्याच शाळेत नववीत एक मुलगी तलवारबाजी करते. तो खेळही यादीत नाही. पुढच्या वर्षी ती कोरा कागद घेऊन जिने चढेल आणि पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात करेल. तिच्या बिल्डिंगमध्ये सह्या मिळाल्या तर ठीक, नाहीतर घरी. एका मुलीचा पेपर शेजाऱ्यांच्या मूडवर का ठरावा?

बहीण पुढच्या आठवड्यात जाईल. मोसमात ती कितवी येईल ते मला माहीत नाही. तुमच्याकडे माझी मागणी वेगळी आहे. तुमच्या घराजवळच्या शाळेत जा, तुमचं मूल तिथे असो वा नसो. खेळासाठी पेपर पुन्हा घेण्याची यादी बघायला मागा. यादीत नसलेला खेळ खेळणाऱ्या मुलीसाठीही तोच नियम लावा, अपवाद नको, असा एका पानाचा अर्ज द्या. आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय ऑफिसच्या खिडकीपासून हलू नका.