जामसंड्याची नीलमताई आणि आमचं स्टोरेज

नीलमताई गेली. आज सकाळी, आमच्याच हॉस्पिटलात.

माझी सीनियर. मुंबईची नोकरी सोडून गावाकडे आली आणि इथली सर्व्हर रूम सांभाळू लागली. मी फोंडाघाटची, नवखी. तिच्याच शेजारच्या खुर्चीत बसून सगळं शिकले.

आमचे सर्व्हर व्हर्च्युअल झाले, म्हणजे एकाच मोठ्या मशीनवर अनेक सर्व्हर चालू लागले, तेव्हाची गोष्ट.
डेटा नेमका कुठल्या डिस्कवर आहे, ते वापरणाऱ्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक स्टोरेजची ओळख आधी लिहून द्यावी लागते. हे वेगवान, याची कॉपी दुसऱ्या इमारतीत होते, हे मोठं पण सावकाश. त्यालाच स्टोरेज प्रोफाइल म्हणतात.

स्टोरेज पुरवणाऱ्या कंपनीने तयार नावं दिली होती. गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ.

ताई म्हणाली, "गोल्ड म्हटला की सगळ्यांका ताच व्हया!"

तिने सरळ मालवणी नावं दिली.
थांबूक नको.
वायच थांब, म्हणजे जरा थांब.
बसान रव, म्हणजे बसून राहा.

कंपनीचा इंजिनिअर हसून हसून बेजार.

मग ती प्रत्येक विभागात गेली. एकच प्रश्न. "बंद पडला तर तुमका किती वेळ चलात?"

डायलिसिस आणि ब्लड बँक पहिल्या प्रोफाइलमध्ये. मोठे साहेब आपला ईमेलही तिथेच हवा म्हणून अडून बसले.

"सायबांनू, तुमचो मेल एक दिवस इलो नाय तर कोण मरूचो नाय."

साहेब आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. ताई मात्र रोज त्यांना गुड मॉर्निंग करायची.

पुढे एकदा एसीचं पाणी गळलं आणि स्टोरेजचा एक अख्खा बॉक्स भिजून बंद पडला. ईमेल बंद. हजेरी बंद. मला रडू फुटायचं बाकी होतं.

ताई धावत डायलिसिसमध्ये गेली. मी मागून. सगळ्या मशीन चालू, सगळे रिपोर्ट स्क्रीनवर. दुसऱ्या इमारतीतल्या कॉपीवर काम सुरू होतं.

सिस्टर म्हणाल्या, "काय झाला गो? आमका तर काय कळलाच नाय!"

ताई तिथेच स्टुलावर बसली आणि खूप हसली. तिला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

मग तिला कॅन्सर निघाला.

एकदा डॉक्टरांना तिचा जुना स्कॅन ताज्या स्कॅनशी ताडून बघायचा होता. जुने स्कॅन सगळ्यात सावकाश स्टोरेजवर. उघडेचना. बाहेर पेशंटची रांग.

मी तिच्या कानात म्हटलं, "ताई, तुझो स्कॅन वरच्या प्रोफाइलमध्ये हलवतंय."

"माझो एकटीचो नको गो. जेंचे उपचार चालू आसत, त्या सगळ्यांचे हलव."

एका हाताला सलाइन, दुसऱ्या हाताने लॅपटॉप. बेडवर बसून तिने मला नवा नियम लावायला शिकवलं: उपचार चालू असलेल्यांचे जुने स्कॅन आपोआप वरच्या प्रोफाइलमध्ये. मध्ये दमली की डोळे मिटायची. स्क्रीनवरचं वाचून दाखवताना मी थांबले की म्हणायची, "पुढे बोल, ऐकतंय मी."

नंतर इन्सुलीचे एक आजोबा तपासणीला आले. त्यांचा जुना स्कॅन चटकन उघडला. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी लावून पाहिले. गाठ लहान झाली होती. आजोबा दुपारच्या एसटीने घरी गेले.

मी वॉर्डात जाऊन ताईला सांगितलं. बोलायची ताकद नव्हती तिला. माझा हात दाबला, बराच वेळ धरून ठेवला.

आता तिला तिच्या गावी, जामसंड्याला नेतायत. मी सोबत निघालेय.

ताई, तू मला काम शिकवलंस, आणि ते कुणासाठी करायचं तेही.
बरी जा गो.
तुका माझो मनापासून नमस्कार.