सकाळी सातचं कुलूप

अकोल्याहून तिचा फोन आला की आधी माझं डोकं उठतं आणि मग मी गोड आवाजात ‘बोल गं’ म्हणते. ती म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. अमरावतीत समाजकार्याचं शिक्षण आम्ही एका बाकावर बसून घेतलं. आता ती अकोल्यात बेघर माणसांना खोल्या मिळवून देते आणि मी अमरावतीत बेघर बायांचा रात्रनिवारा चालवते. काम ऐकायला सारखंच वाटतं. पण तिच्या यादीत नाव लागावं म्हणून माणसं महिनोन्‌महिने वाट बघतात, आणि माझ्याकडे डिसेंबरात ब्लँकेट वाटायला येतात ते फोटो निघेपर्यंतच थांबतात.

मला तिचा हेवा वाटतो. पन्नाशीला टेकल्यावर हे लपवून काय करायचं?

सुरुवात डब्यापासून झाली. आमची चांदूर रेल्वेकडे काळी जमीन, त्यामुळे वसतिगृहात माझा डबा सगळ्यांत मोठा. ती बार्शीटाकळीची, तिची आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. माझ्या डब्यातलं अर्धं मी तिला द्यायची आणि मनातून खूश व्हायची. देणारी मी, घेणारी ती, ही वाटणी मला फार आवडायची. पण माझा डबा तिनं कधी रिकामा परत केला नाही. कधी जवसाची चटणी, कधी मूठभर फुटाणे. डबा रिकामा परत देऊ नये हे आमच्याही घरी शिकवलेलं होतं, पण ते आपल्या बरोबरीच्या लोकांत. ती स्वतःला माझ्या बरोबरीची समजते हे मला त्या चटणीतून कळलं, आणि चटणी चांगली होती तरी मला झोंबली.

पुढे तिनं या डब्यावरच सगळं उभं केलं असं मला वाटतं. तिची पद्धत सोपी आहे. मोठ्या शहरातले काही पैसेवाले आधी पैसे घालतात. त्यातून पडीक चाळी दुरुस्त होतात. फुटपाथवरच्या माणसाला खोली मिळते, भाडेकरार त्याच्या नावावर, किल्ली त्याच्या हातात. तो जमेल तेवढं थोडं भाडं देतो. वर्षभरानं तो त्या खोलीत टिकून असला, तर एक मोठी देणगीदार संस्था त्या पैसेवाल्यांना त्यांची रक्कम थोडी वाढवून परत करते. नाही टिकला तर त्या खोलीपुरते त्यांचे पैसे बुडाले. ‘सामाजिक गुंतवणूक’ असं तिच्या पत्रकावर छापलं आहे. मी ते पत्रक वाचून म्हटलं होतं, गरिबाच्या डोक्यावरच्या छपरावर नफा खायचा, हे बरं आहे. ती हसून म्हणाली होती की दान देणारा नंतर विचारायला येत नाही, हा पैसे घालणारा मात्र वर्षभर विचारतो, माणूस खोलीत आहे ना म्हणून. तिचं म्हणणं बरोबर होतं, याचाही मला राग आला.

पण खरा तिळपापड झाला तो माझ्याकडच्या मावशी तिच्या खोलीत राहायला गेल्यावर. मावशी साठीच्या. दिरानं घराबाहेर काढलेल्या, नऊ वर्षं माझ्या निवाऱ्यात होत्या. बायांची भांडणं त्या सोडवायच्या, नव्या बाईला सतरंजी दाखवायच्या, संध्याकाळी सहाला मी कुलूप उघडायला गेले की सगळ्यांत पुढे उभ्या असायच्या. मैत्रिणीच्या यादीत त्यांचं नाव मीच दिलं होतं, मोठेपणा दाखवायला. लागेल असं वाटलं नव्हतं. नाव लागलं. जाताना मावशी पाया पडू लागल्या, मी वय बघून त्यांना धरलं, आणि आशीर्वाद द्यायचा सोडून म्हटलं, ‘करमणार नाही तिथं, याल परत.’

दहा महिने झाले, त्या आल्या नाहीत.

मधल्या काळात मैत्रिणीनं मला नवं काम सांगितलं. खोल्यांमधली माणसं खरोखर तिथं राहतात का, हे बाहेरच्या कुणीतरी अचानक जाऊन तपासायचं असतं. ‘तुझ्याएवढं या लोकांले कोन ओळखते?’ म्हणाली. म्हणजे तिच्या घरांना पास-नापास मी करायचं. मी एका पायावर तयार झाले. नियम असा की दोन भेटींत दाराला कुलूप दिसलं आणि सबळ कारण सापडलं नाही, तर माणूस तिथं राहत नाही असं धरायचं. मग खोली यादीतल्या पुढच्या माणसाला.

मार्चमध्ये मी मावशींच्या दारात उभी राहिले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. दाराला कुलूप. शेजारी दोन घरी विचारायचं असं फॉर्मवर लिहिलं होतं. मी विचारलं नाही. ‘बंद’ या रकान्यात खूण केली आणि परतीच्या एसटीत खिडकीशी बसून शेंगदाणे खाल्ले. ते मला फार गोड लागले.

मेमध्ये दुसऱ्यांदा गेले. अकोल्याचं ऊन अकोल्यातच बघावं. कुलूप होतंच. या वेळी शेजारीण स्वतःच बोलली. भांडी घासता घासता म्हणाली, ‘सकाउनच जाते थे. सांजीले येते. रोजचं हाय. कुठं जाते कोन जाने.’ मी मान हलवली. मनात म्हटलं, भीक मागत असतील, नाहीतर दुसरीकडे सोय लावली असेल. खोली देऊन माणूस बदलत नाही, असं मैत्रिणीला कुठल्या शब्दांत सांगायचं ते जुळवत मी बस स्टँडवर आले.

फलाटाच्या टोकाला, खांबाच्या सावलीत, मावशी बसल्या होत्या. अंगावर धुतलेलं लुगडं, बाजूला पाण्याची बाटली, चेहरा उन्हानं काळवंडलेला. मला बघून त्या इतक्या आनंदानं उठल्या की मला नजर चुकवावीशी वाटली. गावाला निघालात का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. कुणाची वाट बघताय का? नाही. मग घर सोडून इथं काहून बसल्या, असं विचारल्यावर त्यांना माझंच नवल वाटलं.

‘सात वाजले का बाहीर पडा लागते ना, मॅडम. तुमीच त सांगतलं होतं.’

माझ्या निवाऱ्याचा तो नियम. सकाळी सातला सगळ्या बाया बाहेर, सामान पिशवीत, सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात, दाराला कुलूप. संध्याकाळी सहाला आत. झाडलोट होते आणि बायांना आळस चढत नाही, असं मी चार ठिकाणी भाषणात सांगितलं आहे. पाऊस असो, ताप असो, नियम मी मोडला नव्हता. मावशींना मी सांगू लागले की ही खोली तुमची आहे, दिवसभर आत राहिलात तरी चालतं. त्या माझ्याजवळ सरकून हळू आवाजात म्हणाल्या, ‘चांगली खोली हाय. गमवा काहून?’

खोली जाऊ नये म्हणून त्या उन्हात बसत होत्या, आणि त्याच कारणानं त्यांची खोली जाणार होती. एक ‘बंद’ माझ्या हातचं फॉर्मवर होतंच.

ऑटो करून आम्ही परत गेलो. दारापाशी त्यांनी कनवटीची किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. ‘उघडा, मॅडम.’ नऊ वर्षं कुलूप मीच उघडत आले होते. मी किल्ली घेतली. ती हातात घेताना मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. आत सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. भिंतीतली फळी रिकामी. दहा महिन्यांचा सगळा संसार एका पिशवीत भरून खिळ्याला टांगलेला.

फॉर्मवर गैरहजेरीचं कारण लिहायला एक ओळ असते. मी लिहिलं, ‘अमरावतीच्या निवाऱ्यात लागलेली सवय. बाई इथंच राहते.’ आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा फोन. म्हणाली, फक्त ‘वैयक्तिक कारण’ लिही, खोली तेवढ्यानंही वाचते, तुझ्या निवाऱ्याचं नाव खराब कशाला? इथंही तिचा डबा भरलेलाच परत आला. मी चिडून म्हटलं, राहू दे तसंच, आणि मार्चमध्ये मी शेजारी विचारलं नव्हतं तेही लिहून घे. तिनं तेही लिहून घेतलं. मग म्हणाली, ‘मावशी आजबी गेली स्टँडवर. माह्यं आयकतच नाई. म्हणते, मॅडम सांगतीन त राहीन. तू येशीन का?’

तिचं ऐकत नाहीत आणि माझं ऐकतात! इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिच्या पुढे गेले होते, आणि जिंकलेलं काय, तर म्हातारीचं असं उन्हात बसणं.

तरी गेले. रात्री मैत्रिणीकडेच मुक्काम केला. तिच्या स्वयंपाकघरातली नवी फरशी बघून पोटात दुखलं ते दुखलंच. सकाळी साडेसहाला मावशींच्या उंबऱ्यात जाऊन बसले. त्यांनी चहा केला. सात वाजायला आले तशा त्या उठल्या, सतरंजी कोपऱ्यात ठेवली, खिळ्याची पिशवी नीट केली, कुलूप हातात घेतलं. मी उंबऱ्यातून हलले नाही. ‘बसा मावशी,’ म्हटलं, ‘आता सातचं काही नाही.’ त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग कुलूप मांडीवर घेऊन गुंडाळलेल्या सतरंजीशेजारी टेकल्या, कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता येईल अशा.

तेव्हा मला अमरावतीची आठवण झाली. मी घाईनं मोबाईल काढून निवाऱ्यातल्या मदतनीस बाईला फोन लावला आणि म्हटलं, आज बायांना बाहेर काढू नको, कुलूप लावू नको.

ती म्हणाली, ‘सात वाजून गेले ना मॅडम. बाया तं गेल्या.’