कुंकवाचा बल्ब

आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातला एक नियम बाहेरच्यांना पटत नाही. दिवा पेटला की रडायचं, विझला की पेढे वाटायचे.

नवा सर्किट बोर्ड जोडला की मी त्याला थेट वीज देत नाही. मध्ये शंभर वॅटचा बल्ब लावतो. बोर्डात कुठे शॉर्ट असला की बल्ब ढणढणतो. सगळं ठीक असलं, तर डोळा मिचकावून मंद होतो.

नारळी पौर्णिमेची दुपार होती. संध्याकाळी दिघीच्या जेट्टीवर काका गाणार होते आणि मी त्यांच्यासाठी अॅम्प्लिफायर जोडत होतो. एके काळी त्यांचा आवाज माइकशिवाय खाडीपलीकडे आगरदांड्याला पोचायचा. आजारपणानंतर तो ओटीवरून अंगणात उतरेना. गावकरी म्हणाले होते, "काका, बसा आता. डीजे आणतो." काका तेव्हापासून धड जेवले नव्हते.

सोल्डरचा शेवटचा डाग दिला आणि बल्ब आणायला मी आत गेलो. परतलो तो थाटात. नाटकाचा पडदा उघडावा तसा हात फिरवला आणि बटण दाबलं.

बल्ब लख्ख!

काकू टाळ्या पिटत ओरडली, "पेटला रं! माझ्या हाताला यश हाय!"

मी झटकन बटण बंद केलं. "काकू, हातानं काय केलंस?"

बोर्ड उलटा केला. डागांवर ओलं हळदकुंकू, चांगलं बोटभर.

"नवी वस्तू हाय. कुंकू लावल्याबिगर वीज देतात व्हय?"

"पण खालून?"

"वरती जागा हाय कुठं? खाली कसं चांदीवानी चमकत होतं!"

काका खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "हिच्या कपाळी मी कुंकू लावलं तेव्हापासून माझा आवाज बंद. आता यंत्राचाही केला."

स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासला, उन्हात वाळवला, पुन्हा बटण दाबलं. बल्बनं डोळा मिचकावला आणि मंद झाला.

"विझला गं बाई!" काकूच्या डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात काका माइकवर खोकले. शेजारची कोंबडी कौलावर जाऊन बसली.

संध्याकाळी आगरदांड्याहून आलेल्या फेरीबोटीतून कोणीतरी ओरडलं, "काका, पलीकडं ऐकू आलं हो!" त्या रात्री काका पोटभर जेवले. काकूनं मात्र हट्ट सोडला नाही. उरलेलं कुंकू तिनं बल्बलाच लावलं.

आज काका नाहीत. अॅम्प्लिफायर खाऱ्या हवेनं खाल्ला. बल्ब तोच आहे. नव्या बोर्डाला वीज देताना तो क्षणभर कुंकवासकट उजळतो, मंद होतो, आणि मी उगाच थांबतो. आता कोणीतरी खोकेल म्हणून.