इतवारीचा पडदा आणि लहानूची बोटं

वडशाच्या एका नाटक कंपनीत इतवारी पडदे रंगवतो. त्याच्या पडद्यावरचं जंगल पाहून शेळ्या मंडपात शिरतात म्हणे. खरंखोटं देव जाणे. पण इतवारीला ते खरं वाटतं, आणि माणसाला सुखी राहायला तेवढं पुरतं.

रंग पातळ करायच्या थिनरच्या बाबतीत तो मोठा कडक. बिडीवाल्याला दारातूनच हाकलणार, डब्याचं झाकण गच्च लावणार. फक्त हंगामाच्या पूजेचा दिवस सोडून! कारण त्याचा एक रिवाज होता. हंगामाच्या नव्या पडद्यावर राजवाड्याच्या कळसाचा शेवटचा फराटा पूजेलाच, सगळ्यांसमोर ओढायचा आणि मग नारळ फोडायचा. म्हणजे ओला रंग, उघडा थिनर आणि पेटती समई, सगळं एकाच खोलीत. देव पाहून घेईल, असा त्याचा हिशेब.

यंदा देवाचं लक्ष दुसरीकडे असावं. ऑर्गन वाजवणारा लहानू बसायला जागा करत होता.

"हे डबडं काऊन मधातच ठेवलं गा?" म्हणत त्यानं डबा सरकवला. थिनर जमिनीवर आणि त्याच्या उजव्या बाहीवर सांडलं. समई चांगली दूर होती, पण थिनरची वाफ जड, जमिनीवरून सरपटत जाते. भक्कन जाळ झाला आणि बाही पेटली.

इतवारीनं सुती चादर त्या हातावर गच्च गुंडाळली. जाळ विझला. तोवर मॅनेजर प्रफुल बादली घेऊन जमिनीवरच्या आगीकडे धावला.

"पाणी ओतू नोको! थिनर पाण्यावर तरंगते, आग घरभर नेईल. रेती टाक, रेती!" इतवारी ओरडला.

दाराशी बांधकामाची रेती होतीच. चार घमेल्यांत आग गपगार.

इतवारीनं लहानूला हापशीवर नेलं, थिनरनं भिजलेली बाही कापली, बोट सुजायच्या आत अंगठी काढली.

"करिश्माबाई, हापशी मारा. धार बारीक पायजे."

करिश्मा नाटकात राणी होते. जरीचा पदर खोचून ती म्हणाली, "राणीले पाणी भराले लावता का, भाऊ?"

"आज राज्य लहानूचं हाये. थांबू नोका, वीस मिनिटं तरी."

इतक्यात स्वयंपाकीण मंगलीबाई मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल घेऊन आली. आपल्याकडे भाजलं की पहिलं तेच आठवतं.

"बाई, तेल नोको. आग आत कोंडते. ते वांग्याच्या भाजीत घाला."

लहानूला मात्र एकच घोर, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेचा. "भाऊ, मंडईच्या नाटकाले वाजवीन ना मी? खरं सांगा."

डबा तर इतवारीचाच उघडा होता. त्यानं हातावर स्वच्छ धुतलेलं ओलं फडकं सैल घातलं आणि लहानूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात उलटसुलट पाहिला. मनगटावर फोड होते, बोटं नुसती लाल. "पाण्यानं बोटं वाचवली," ते म्हणाले.

तेव्हापासून शेवटचा फराटा अंगणात, उन्हात ओढला जातो. तो खडखडीत वाळला आणि डबा कुलपात गेला, की मगच समई लागते.

मंडईच्या प्रयोगाला लहानू मनगटाला पट्टी बांधून बसला आणि नांदीलाच एक सूर चुकला.

"कान नाई भाजला ना रे तुहा?" इतवारी विंगेतून ओरडला.

लहानू हसला. इतवारी मात्र पडद्याआड जाऊन खुशाल डोळे पुसत बसला. सूर चुकवायला का होईना, बोटं जागच्या जागी होती.