गुलाबी पुडी

तीन फेब्रुवारीला, सकाळी साडेनऊ वाजता, आमच्या बोरीवलीच्या दारी वर्षानुवर्षे येणारी कोळीण मासळी न दाखवताच उभी राहिली. एरवी ती माशाचा कल्ला उचलून आतली लाली दाखवी, मगच भाव सांगे. आता, हे लिहितो तेव्हा, ती येत नाही आणि तशी मासळीही येत नाही.

मी निवृत्त रसायनतज्ज्ञ. म्हणून तिने लेकीच्या पर्समधली, अर्धी संपलेली नशेची पुडी माझ्यापुढे धरली.

“काल पांढरी व्हती, आज गुलाबी झाली. नासली ना, काका? म्हंजे जोर गेला?”

“भेसळीला ओल लागून रंग बदलला असेल. विष तसेच आहे, बाई.”

“मावरं नासलं तर लांबून वळखते मी. घरातलं नाय वळखलं.”

आम्ही दोघांनी तिच्या लेकीला व्यसनमुक्तीसाठी रुग्णालयात नेले. भरतीच्या अर्जावर, आईच्या सहीखाली, ‘दुसरे नातेवाईक’ या रकान्यात मी सही केली.