बुडाला बसवलेला पाईप

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. झेनर डायोडवरून मी वर्गात जितका ओरडलोय, तितका घरात कुणावर ओरडलो नसेन. बायको म्हणते, हे खोटं आहे. असो.

आई गेल्यावर दादांना, म्हणजे वडिलांना, सिल्लोडकडच्या गावाहून शहरात, छावणीतल्या आमच्या घरी आणलं. सोबत एक पिशवी आणि आईनं शिवलेल्या कव्हरातला रेडिओ. पण सेल गळून आतला कप्पा पार गंजला होता, रेडिओ मुका. दादांनी तीन दिवस कळ काढली आणि चौथ्या दिवशी पिशवी भरून दाराशी ठेवली. रविवारी गावी जातो म्हणाले. तिथं एकटे काय खाणार, गोळ्या कोण देणार, यावर नुसतं हूं.

रविवारच्या आत रेडिओ बोलता करतो, असं मी छाती फुगवून सांगितलं. घरातला अडॅप्टर नावाला नऊ व्होल्टचा. मीटर लावला तर कधी चौदा दाखवतो, कधी अकरा. त्यावर रेडिओ थेट जोडला तर जळायचाच. त्यावर इलाज एकच, मधे एक रेझिस्टर आणि एक झेनर. माझ्यासारख्याला दहा मिनिटांचं काम.

जोडलं. रेडिओ गप्प. मीटर पाऊण व्होल्टही दाखवीना. मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली, जाऊन दुसरा झेनर आणला, मग तिसरा. तिसऱ्या वेळी दुकानात मी खोट्या मालावरून चांगलाच तमाशा केला. तो बिचारा ऐकून घेत राहिला.

शनिवारी संध्याकाळी दादा स्टूल ओढून शेजारी बसले आणि ही एवढीशी काचेची गोळी करते तरी काय, म्हणून विचारलं. वैतागलो होतो, तरी समजावलं. आपल्या विहिरीवरच्या टाकीला वरच्या अंगाला जादा पाण्याचा पाईप आहे ना, तसं. मोटर कितीही पाणी फेको, टाकी पाईपाच्या तोंडापर्यंतच भरते, वरचं निघून जातं. झेनर नऊ व्होल्टपर्यंत वाट अडवतो, त्याच्या वर गेलं की मोकळी करतो. येणाऱ्या पाण्याचा कॉक थोडा आवळून ठेवायचा, ते काम रेझिस्टरचं.

"आन् तुझ्या टाकीत आत्ता पाणी किती हाय?"

"तळाला. पाऊण व्होल्टसुद्धा नाही."

"मंग पाईप बुडाला बसवलाय तू."

असा संताप आला म्हणता! मग गुमान भिंग घेतलं आणि झेनरचं कुठलं टोक कुठं हे सांगणारी काळी रेघ बघितली. बाकीचे डायोड सरळ लावायचे, झेनर उलटा. हे वाक्य मी पोरांकडून दहा-दहा वेळा लिहून घेतो. आणि मी तिन्ही झेनर सरळ लावले होते.

सोल्डर वितळवून झेनर उलटा जोडला. मीटरवर नऊ पूर्णांक एक दशांश. रेडिओ खरखरला आणि कापसाचे भाव सांगायला लागला. दादांनी कव्हर चढवलं, एकेक बटण नीट लावलं. शाबासकी मिळेल म्हणून मी थांबलो, तर ते उठून दाराशी गेले आणि पिशवी उचलली.

पिशवी घेऊन ते आत आले.

"सूनबाई, माझी धोतरं कुठल्या कप्प्यात ठेवू?"

सोल्डरच्या धुरानं डोळ्यांत पाणी आलं, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, हेही खोटं आहे.