चारा न लागणारी खांड

क्रिप्टोत पैसे कसे गेले असं कुणी विचारलं, की मी "बाजारच पडला हो" एवढंच सांगत आलो. बाजार पडला होता हे खरं. पण ते अर्धंच खरं, आणि उरलेलं अर्धं सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. ज्यांना ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, ते माझे थोरले चुलत भाऊ, आमचे दादा, आता राहिले नाहीत. त्यांच्यामागं लोक म्हणतात, म्हातारपणी हाव सुटली आणि मेंढरं घालवली. हे खोटं आहे, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. मी शिकलो आणि जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागलो. डॉक्टर नव्हतो, पण लसीची पेटी घेऊन तामलवाडीपासून जळकोटपर्यंत वाड्यावस्त्या फिरायचो, म्हणून सगळे मला डॉक्टरच म्हणत. दादाही म्हणत. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस टोचायला गेलो, की एकेक मेंढी ते स्वतः धरून द्यायचे. शेजारच्यांची मेंढरं पटापट मरायची आणि दादांची खांड, म्हणजे सगळा कळप, धडधाकट राहायचा. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला तो तिथं.

निवृत्त झालो तेव्हा सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा पेन्शनरांत एकानं बिटकॉइन घेतलं होतं. त्याचं बघून मीही मोबाईलवर ॲप घेतलं आणि थोडे पैसे टाकले. रोज घेणाऱ्या-विकणाऱ्यांना मी जुगारी म्हणायचो. आपण घेऊन शांत बसणारे, असा मला अभिमान होता. पण शांत कुठला? डोळे उघडले की आधी भाव बघायचो, मग चूळ भरायचो. भाव वर असला की बायकोशी गोड बोलायचो. ती म्हणायची, "आज चढलंय वाटतं."

त्याच सुमारास दादांचे गुडघे गेले. मुलगा चाकणला कंपनीत, मेंढरांमागं चालायला माणूस नाही. जड मनानं त्यांनी खांड विकली आणि पैसे कुठं ठेवू म्हणून मला बोलावून घेतलं. मी बिटकॉइनचं सांगितलं.

"ह्याला चारा?" दादांनी विचारलं.

"न्हाय."

"पाणी?"

"न्हाय, दादा."

"लांडगा?"

"तो बी न्हाय."

दादा मोकळं हसले. "मग लई बेस झालं की! ज्यांनी जन्मभर झोपू दिलं न्हाय, त्यातलं एक बी न्हाय."

भाकरी थापता थापता वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, मेंढरांचे डॉक्टर आता पैशाचे डॉक्टर झालात व्हय? टोचताना जपून टोचा म्हंजे झालं."

आम्ही दोघंही हसलो. मी दादांच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं.

काही महिने बरे गेले. मग भाव उतरायला लागला, आणि उतरतच राहिला. एक दिवस दादा एसटीनं माझ्या घरी आले. त्यांच्या मामेभावानं मेंढ्या विकायला काढल्या होत्या, चांगल्या गाभण.

"काढून टाकू सगळं," ते म्हणाले. "निम्मं गेलं तर गेलं. राह्यलंय त्यात थोड्या मेंढ्या येत्यात. घराजवळच्या बरड माळावर फिरवीन. काठी टेकत का व्हयना, मागं चालता येतंय मला अजून. घरात बसून जीव उबगला बघ."

त्या दिवशी पैसे निघत होते. मोबाईल माझ्या हातात होता.

मी म्हणालो, "दादा, उन्हाळ्यात खांड विकतंय का कुणी?"

आमच्या घराण्याचं हे जुनं शहाणपण. उन्हाळ्यात मेंढरं वाळतात, बाजारात मातीमोल जातात. तेव्हा विकायची नाहीत, कसाही तग धरायचा, चारा आला की ती पुन्हा अंग धरतात. दादांच्या वडिलांनीच ते आम्हा दोघांना शिकवलं होतं. दादांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "व्हय. ते बी खरंच." चहा घेतला आणि गेले. मामेभावाच्या मेंढ्या दुसऱ्यानं नेल्या.

पुढं मी यावर खूप विचार केला. मेंढी वाळली तर राखणारा तिच्यासाठी काहीतरी करतो. पाला तोडून घालतो, लांबच्या पाण्यावर नेतो. ती वाळलेली असतानाही लेंडी देते, कोकरू देते. या नाण्यासाठी राखणाऱ्याला काहीच करता येत नाही. दुसरा कुणीतरी आपल्यापेक्षा जास्त भाव द्यायला येईल, एवढीच वाट बघत बसायचं. त्याला उन्हाळा नाही आणि पावसाळाही नाही. मेंढरांचा नियम त्याला लावणं चूकच होतं.

पण नुसती चूक असती तर मी इतकी वर्षं गप्प राहिलो नसतो. त्या दिवशी मी घाबरलेलो होतो. दादा बाहेर पडले असते तर मला एकट्याला आत थांबायचा धीर झाला नसता. मग मलाही तोट्यात विकावं लागलं असतं, आणि पेन्शनरांपुढं मान खाली घालावी लागली असती. मला सोबत हवी होती. ती मी त्यांच्या बापाचा शब्द वापरून मिळवली.

नंतर ॲपवाल्या कंपनीनं पैसे काढू देणंच बंद केलं. लवकरच सुरू करू, असा निरोप येत राहिला. फोन केला की बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. पोलीस ठाण्यात गेलो, तर तिथल्या तरुण शिपायानं खुर्ची दिली आणि विचारलं, "बाबा, ह्यांचं ऑफिस कुठं हाय?" मला ते माहीत नव्हतं. मेंढरू चोरीला गेलं असतं तर कुठल्या रानातून गेलं एवढं तरी सांगता आलं असतं.

सगळ्यात वाईट म्हणजे मग भाव वर गेला. पूर्वी कधी नव्हता इतका. पेन्शनर म्हणायला लागले, "डॉक्टर, पार्टी कधी?" ॲपवर आमचा आकडाही रोज फुगलेला दिसायचा. नुसता दिसायचा.

दादा तोवर हायवेवरच्या पेट्रोल पंपावर राखणदार म्हणून बसायला लागले होते. एखादी खांड रस्ता ओलांडायला आली, की खुर्चीवरून उठून, काठी आडवी धरून दोन्हीकडच्या गाड्या थांबवायचे, असं वहिनींनी मला सांगितलं. मालक ओरडायचा, तरी थांबवायचे.

शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं. मी खाटेपाशी बसलो तर दादाच म्हणाले, "डॉक्टर, नातू कमवायला लागलाय. त्याला सांगू का, थोडं थोडं त्यात टाक म्हणून? लई वर चाललंय म्हणत्यात."

"नको, दादा."

"का? तूच तर म्हणाला हुतास—"

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दादांना खोकल्याची उबळ आली. मी पाणी पाजलं, पाठ चोळली. खोकला थांबला, आणि मी म्हणालो, "आधी बरे व्हा. मग बोलू." त्यांनी मान हलवली. नेहमीसारखं तेही त्यांना पटलं.

ते बरे झाले नाहीत. दहाव्याला पंगतीत कुणीतरी म्हणालं, "चांगला माणूस, पण शेवटी हाव नडली." वहिनी पलीकडं वाढत होत्या, त्यांनी ते ऐकलं. मी पत्रावळीकडं बघत राहिलो आणि समोरचा भात खाल्ला.

वाटेत जुळवलेलं वाक्य असं होतं: "दादा, तुम्ही विकायला आलात ते बरोबर होतं, पैसे निघत होते. मला एकट्याला भ्या वाटत होतं म्हणून म्या तुम्हाला थांबवलं. तुमची मेंढरं म्या घालवली. माफ करा मला."